ख-फ-त नंतरची नोंद

प्रेसचा माणूस संध्याकाळी प्रुफं न्यायला येणार, म्हणून ती दुपारीच वडिलांच्या टेबलाशी बसली. मागच्या खोलीचं दार तिने आधी ओढून घेतलं. महिन्यापूर्वी ते तिथेच गेले होते.

वडील अरबी-मराठी शब्दकोश करत. शेवटी आवाज पार बसला, पण काम सुटलं नाही. ते सांगत, ती लिहून घेई. मग ती नोंद मोठ्याने वाचायची आणि बरोबर असली की ते पलंगावरून एवढंच म्हणायचे, "पुढे."

आज नेमका त्यांनी सांगितलेला शेवटचा धातू आला होता, ख-फ-त, आणि त्याच तीन अक्षरांतून निघणारे शब्द. सवयीने ती मोठ्याने वाचू लागली.

"खफत. आवाज खाली जाणे."

"त्यांचा आवाजच इतका खाली गेला होता, शेवटची हाक मला ऐकू आली नाही," असं तिने आत्याला रडत सांगितलं होतं.

"तुझा काय गं दोष?" आत्याने तिलाच जवळ घेतलं. "जिवाचं रान केलंस तू."

त्या मायेने ती मेल्याहून मेली झाली. हाक स्वच्छ ऐकू आली होती. ती दादाशी फोनवर होती, आणि हाकांना विटली होती.

"खुफात. अचानक आलेलं मरण."

"पुढे..."

दाराआडून आलं. खोलीत औषधाचा वास पसरला. तिची नजर शेवटच्या ओळीवर थिजली. तखाफुत, आपसात कुजबुजणे. शेजारी त्यांची टीप होती: याला दोघं लागतात.

दार उघडायचा धीर झाला नाही. तिने फळीला कपाळ टेकवलं.

"बाबा... हाक मला ऐकू आली होती..."

मग फटीतून, अगदी कानाशी...

"मलाही..."

त्या हाकेच्या वेळीच फोनवर ती तोंडावर हात धरून दादाला म्हणाली होती, "एकदाचे सुटले तर बरं." शरमेने तिला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"लिही..." आतून आलं. "ख-फ-र... खफर, लाज. अखफर... ज्याला सांभाळायचा शब्द दिला, त्यालाच दगा देणे..."

तिला अरबी ओ की ठो येत नव्हतं. तिने कोऱ्या कागदावर मुकाट्याने लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. मग पुन्हा वाचलं. पुन्हा.

प्रेसचा माणूस बाहेरचं दार ठोठावू लागला, तरी आतून "पुढे" आलं नव्हतं.