नाल्यापलीकडचा नेम

सोनाळ्याला आमची संत्र्याची बाग आहे आणि वानरांच्या मते ती त्यांची आहे. या वादात बाबांनी, म्हणजे इंद्रभानरावांनी, जवळजवळ हार मानली होती. राखणीला ठेवलेले दोन गडी टिकले नाहीत. एकानं पाठ दुखते म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं काहीच सांगितलं नाही, जाताना चपलाही नेल्या नाहीत.

"आज सांजेले निवृत्ती बाग इकत घ्याले येऊन राह्यला," बाबा म्हणाले. "बाग त्यालेच देऊन टाकतो. तू पुण्याले जाय वापस."

"राखण मी करतो."

"तू? ऋत्विक, तुले घरातलं मांजर भेत नाई."

"सांजेपर्यंत बागेत टिकून दाखवतो. पळून आलो तर द्या निवृत्तीकाकाले."

बाबा हसले नाहीत. "हाव," एवढंच म्हणाले, आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले.

बंदूक छर्र्याची होती. वानराला मारायचं नव्हतं. ते पाप आहे, गुन्हा आहे, शिवाय वानर चेहरा लक्षात ठेवतं. बेत असा की बागेच्या टोकाला पत्र्याचा डबा टांगायचा आणि खुर्चीत बसून त्याला छर्रा मारायचा. टण्ण झालं की टोळी पळाली पाहिजे. बेतात एकच खोट होती. डबा मला लागत नव्हता. म्हणून दुर्बीण आणली.

दुर्बीण बंदुकीवर चढवली म्हणजे नेम बसला असं होत नाही. दुर्बीण बघते एकीकडे, नळीचं तोंड दुसरीकडे. दोघांचा समेट घडवावा लागतो. एकाच ठिपक्यावर तीन छर्रे मारायचे, कुठे पडले ते जाऊन बघायचं, मग दुर्बिणीवरची चकती टिक-टिक फिरवून नेम सरकवायचा. पुन्हा तीन. काम इतकं कंटाळवाणं आहे की यात भुताखेतांनी लक्ष घालायचं काही कारण नाही.

कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, मधोमध आईची लाल टिकली चिकटवली आणि नाल्याच्या काठावर दोन खुंट्यांना बांधला. त्याच्यामागे कोरडा नाला, नाल्यापलीकडे सागाचं रान, ते थेट सातपुड्यापर्यंत. मी बागेच्या अलीकडच्या टोकाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो. गावात मोबाईल दुरुस्त करणारा माझा मित्र हर्षल मजा बघायला आला होता.

तीन छर्रे मारले. पुठ्ठ्याजवळ गेलो तर टिकलीच्या खाली डावीकडे तीन भोकं. आणि वर उजवीकडे आणखी तीन.

"सहा मारले काय बे?" हर्षलनं विचारलं.

"तीन."

"इंजिनेर हायेस ना तू?"

मी वरच्या भोकांवरून बोट फिरवलं. माझ्या भोकांच्या कडा मागे वळल्या होत्या. या तिन्हींच्या कडा पुढे, आमच्याकडे, फुलासारख्या उमलल्या होत्या. ते छर्रे पलीकडून आले होते.

हर्षल नाल्यात उतरला. "कोन हाय बे तिकडं?" तो ओरडला. वाळूत त्याच्या बुटांखेरीज कुणाची पावलं उमटलेली नव्हती. तापलेल्या पाल्याचा वास येत होता. एरवी किचकिच करणारं एकही पाखरू बोलत नव्हतं.

मी चकती फिरवली, वर आणि उजवीकडे. पुन्हा तीन मारले. माझी भोकं टिकलीकडे सरकली.

त्याचीही सरकली. खाली आणि डावीकडे.

"हा पण नेम बसवून राह्यला," मी म्हणालो. "आणि खरं सांगू का, त्याचा हात माह्यापेक्षा चांगला हाय."

"ऋत्विक, चाल घरी."

"काऊन?"

"काऊन म्हंजे?"

मी विहिरीवरून पत्रा आणला आणि पुठ्ठ्यामागे उभा केला. पत्रा आणि पुठ्ठा यांच्यात चार बोटांची फट. जे काय यायचं ते पत्र्यातून येऊ दे. पुन्हा तीन मारले. माझे तिन्ही पुठ्ठ्यातून जाऊन पत्र्यावर वाजले, आम्ही दोघांनी ऐकलं. जाऊन बघितलं, तर पत्र्याला पुढून माझे तीन पोचे आणि मागून साधा ओरखडा नाही. पुठ्ठ्यात मात्र तीन नवी भोकं, मागून आलेली, टिकलीला जवळजवळ खेटून.

म्हणजे तो त्या चार बोटांच्या फटीत होता. किंवा ती फट आम्ही समजत होतो तेवढीशी नव्हती.

हर्षलनं गाडीला किक मारली, ती लागली नाही, तर गाडी तशीच ढकलत पळाला. उतार त्याच्या बाजूनं होता.

मी बाबांना फोन लावला.

"पुठ्ठ्याले मागून भोकं पडून राह्यले," मी म्हणालो.

"ऊठ तथून, बेटा. बाग जाऊ दे."

"तुमाले माहीत होतं?"

"ऊठ म्हनतो ना. निवृत्ती आलाच हाय, मी त्याले हो म्हनतो."

"तो काय बसन अथी? तोबी पळन. मंग बाग कोनाची? त्याची?"

'त्याची' म्हणजे कुणाची, ते बाबांनी विचारलं नाही.

फोन चालूच ठेवून मी खिशात टाकला. चकती फिरवली. शेवटचे तीन मारले. दुर्बिणीतून टिकली गेलेली दिसली, तिच्या जागी एकच भोक. जवळ जाऊन बघितलं. तिन्ही छर्रे एकातून एक. माझा नेम बसला होता.

पलीकडून नवं एकही भोक नव्हतं.

हरला, मला वाटलं. मी नाल्याकडे तोंड करून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. आजूबाजूला कुणी नसताना टाळ्या फार कोरड्या वाजतात.

परत आलो.

खुर्चीच्या पाठीत तीन भोकं होती.

खाली, उजवीकडे. मी बसतो तिथून वीतभर बाजूला. प्लास्टिकच्या कडा मागे वळलेल्या.

पुठ्ठ्यावरचं त्याचं काम झालं होतं. आता त्यानं दुसरा ठिपका धरला होता.

खिशातून बाबा बोलत होते. "ऋत्विक. ऋत्विक, आयकून राह्यला का?"

मी फोन कानाला लावला. "निवृत्तीकाकाले चहा पाजा आन् वापस पाठवा. बाग आपली हाय."

आणि बसलो. खुर्ची होती तिथेच. भोकं पाठीला लागत नव्हती, तरी बोचत होती.

काही झालं नाही.

खूप वेळ काही झालं नाही, तेव्हा मला राग आला. आमच्याच बागेत, आमच्याच खुर्चीत, मी याची वाट बघत बसायचं?

"ओ भाऊ!" मी ओरडलो. "खाली जाऊन राह्यलं तुमचं! वर घ्या! आन् माह्या छातीकडं घ्या, वीतभर!"

नाला गप्प. पान हललं नाही.

मग फटीतून, पुठ्ठा आणि पत्र्याच्या मधून, अगदी हळू आलं.

टिक. टिक. टिक.

मी मोजत गेलो. वीतभरासाठी जेवढे लागतात, तेवढेच झाले आणि थांबले.

"कायचा आवाज हाय तो?" बाबांनी विचारलं.

"कायचा नाई," मी म्हणालो, आणि ताठ बसलो.