मागच्या खिडकीची शिकवणी

या पेजवरच्या कथा मी रोज वाचते, आणि त्यातल्या निम्म्या थापा असतात हे मला कळतं. माझीही थाप वाटली तर वाटू दे. मी कपडे शिवणारी बाई आहे, मला रचून सांगता येत नाही. हे माझ्या आईच्या आणि माझ्या बाबतीत घडलंय. सुरुवात झाली तेव्हा मी सात वर्षांची होते.

रात्र नव्हती. अमावस्या वगैरे तर नाहीच नाही.

मंगळवार होता. दुपारचे अडीच वाजले असतील, आणि अंगणात लख्ख ऊन होतं.

पण त्याच्या आधीचं थोडं सांगावं लागेल.

बाबा मिशनचे पाळक. त्यांची नेमणूक जंगलातल्या एका गावात झाली. गाव कसलं, पंचवीस-तीस घरं आणि चारी बाजूंनी झाडं. आमचं घर सगळ्यात शेवटचं. फळ्यांच्या भिंती, दोन खोल्या. मागच्या खोलीला उंचावर गजांची एक खिडकी होती, आणि तिच्यामागे लगेच जंगल सुरू व्हायचं.

तिथल्या लोकांची भाषा वेगळी. तिच्यात एकही पुस्तक नव्हतं. ती शिकायची, लिहून काढायची आणि मग शुभवर्तमान तिच्यात आणायचं, हे काम खरं तर बाबांचं. पण बाबांची जीभच वळेना. पहिल्याच उपासनेत ते उभे राहून चार वाक्यं बोलले आणि अख्खं गाव पोट धरून हसलं. मग भाषेचं काम आईने अंगावर घेतलं, आणि बाबा सायकलवरून आसपासच्या गावांना फिरू लागले. सकाळी गेले की दिवेलागणीला परत.

आईला शिकवायला एक म्हातारी यायची. तोंडात औषधालाही दात नव्हता, म्हणून मी तिला बोळकी आजी म्हणायचे.

पद्धत अशी होती. आजी एक शब्द बोलायची. आई तो सेलवरच्या टेपरेकॉर्डरवर घ्यायची. मग चार-पाच सेकंद टेप तशीच मोकळी फिरू द्यायची. मग पुढचा शब्द. दुपारी आजी घरी गेली की आई तीच टेप लावून बसायची. शब्द वाजला की मोकळ्या जागेत तो स्वतः म्हणायची. शब्द, जागा, शब्द, जागा. मला तर ऐकून ऐकून डुलकी लागायची.

एका दुपारी आईचा घसा बसला होता. तिने टेप लावली आणि नुसतीच ऐकत राहिली.

शब्द वाजला.

मोकळी जागा आली...

आणि खिडकीमागून कुणीतरी तो शब्द म्हटला.

बारीक आवाज होता. बाईचा.

पुढचा शब्द वाजला. पुन्हा मोकळी जागा... पुन्हा तोच आवाज.

मी उठून खिडकीकडे धावले. आईने माझा फ्रॉक धरून मला खाली बसवलं.

"थांब!" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "लाजतेय ती. बघायला गेलीस तर पळून जाईल."

हे तिला मिशनच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं. नव्या गावात एखादं लाजरं माणूस आपणहून बोलायला आलं, तर त्याच्या अंगावर जायचं नाही. ते स्वतः समोर येईपर्यंत वाट बघायची. आई नियमांची पक्की होती.

"थांब," खिडकीमागून आवाज आला...

आमच्या भाषेत.

आईचा चेहरा असा काही फुलला की काय सांगू. "अगोबाई! हिला आपली भाषा शिकायचीय!"

त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. आई खिडकीखाली पाट टाकून बसायची, भिंतीला पाठ लावून. एक शब्द म्हणायची आणि जागा सोडायची. ये. बस. थांब. दार. उघड. हात. भिंतीच्या पलीकडून प्रत्येक शब्द परत यायचा.

मला ते आवडायचं नाही. का, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

ती यायची त्याच्या आधी झाडांवरचे किडे गप्प व्हायचे. एकदम, सगळे. आणि पावलांचा आवाज कधीच यायचा नाही. घरामागे घोटाभर वाळलेली पानं होती. मांजर चाललं तरी कुरकुर वाजायची.

आई मात्र हरखून गेली होती. रात्री जेवताना बाबांना सांगायची, "अहो, उच्चार काय आहेत तिचे! मी चार महिने जीव तोडतेय, तरी मला आजीसारखं बोलता येत नाही. आणि ही तीन आठवड्यांत हुबेहूब माझ्यासारखं बोलायला लागली."

"विद्यार्थिनी गुरूच्या वर जाणार म्हणायची," बाबा हसून म्हणाले. "उपासनेला आण तिला. नाव काय तिचं?"

आईला नाव माहीत नव्हतं.

सोमवारी आईने ही सगळी हकिकत कौतुकाने बोळकी आजीला सांगितली. आजीची भाषा एव्हाना मलाही कळायला लागली होती, त्यामुळे त्यांचं बोलणं मला आजही आठवतं.

"कुठे बसते ती?" आजीने विचारलं.

"त्या खिडकीखाली. बाहेरून."

"तिथे गावातली एकही बाई जात नाही."

"मग कोण येतं, आजी?"

 आजीने खिडकीकडे बघितलं. मग म्हणाली, "काय काय दिलंस तिला?"

आईने वहीतून शब्द वाचून दाखवले.

"पोरीला हाक कशी मारतेस, तेही?"

"ते तर तिला न शिकवताच आलं," आई हसली. "दिवसभर मी हिच्या नावाने ठणाणा करतच असते ना."

आजी उठली. काठी घेतली आणि चालायला लागली.

मंगळवारी ती आलीच नाही. आईला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं, आजी दुखावली. दुपारी ती आजीची समजूत काढायला निघाली. "ठकू, तासाभरात येते. आतून कडी लाव," म्हणाली. ठकू म्हणजे मी.

मी कडी लावली आणि पाटीवर गणितं सोडवत बसले.

किडे गप्प झाले...

"ठकू."

आईचा आवाज. मागून.

"ठकू, ये."

"आई, पुढून ये ना," मी म्हटलं. "मी कडी काढते."

काहीच उत्तर नाही...

"ठकू, ये."

पुन्हा तेच. तेवढ्याच लयीत, तेवढ्याच लाडाने. आई संध्याकाळी मला जेवायला बोलवायची ना, अगदी तशी हाक. मला काही शंकाच आली नाही. मी स्टूल ओढलं आणि खिडकीपाशी चढले.

"हात," आई म्हणाली.

मी गजातून हात बाहेर काढला. मग वाकून खाली बघितलं.

खाली वाळलेली पानं होती. ऊन होतं.

माणूस नव्हतं.

"ठकू," आवाज आला. माझ्या हाताच्या अगदी जवळून. माझ्या बोटांना श्वास लागला.

मी हात आत ओढला आणि स्टुलावरून खाली पडले. तेवढ्यात पुढचं दार वाजलं.

"ठकू! दार उघड!" आईचा आवाज.

"ठकू. ये." मागून आईचा आवाज.

"ठकू, अगं, आत कोण आहे? उघड!"

"उघड," मागून.

दोन्ही आवाज माझ्या आईचे होते. सात वर्षांच्या पोरीने काय करायचं? मी दोन्ही कानांवर हात ठेवून जमिनीवर बसून राहिले. मला एवढंच कळत होतं, की यातली एक आई नाही, आणि चुकीच्या आईकडे गेले तर संपलं.

मग पुढचा आवाज एकदम थांबला.

आईने मागची हाक ऐकली होती. स्वतःचाच आवाज.

ती त्यानंतर एक अक्षरही बोलली नाही. दाराखालच्या फटीतून तिने बोटं आत सरकवली. तर्जनीवर आणि अंगठ्यावर निळी शाई. दिवसभर शब्द लिहून लिहून तिची ती दोन बोटं कायम निळी असायची.

मी त्या बोटांना हात लावला. गरम होती. मी कडी काढली.

आईने मला उचललं आणि ती जी पळत सुटली, ती थेट बोळकी आजीच्या दारात थांबली. आमच्या मागे, रिकाम्या घरामागून, तिच्याच आवाजात माझ्या नावाच्या हाका चालू होत्या. गावातल्या सगळ्यांनी ऐकल्या. कुणीही बाहेर आलं नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही ते गाव सोडलं. शुभवर्तमानाचे चारच अध्याय झाले होते. बाबांनी मिशनला आईच्या तब्येतीचं कारण कळवलं. आई त्यावर कधी बोलली नाही, पण ते अपुरं काम तिला आयुष्यभर खात राहिलं. आपण कुणाला बोलायला शिकवलं, हा प्रश्न त्याहून जास्त.

शहरात आल्यावर तिने मला समोर बसवलं. माझे दोन्ही हात धरले.

"ठकू, यापुढे मी तुला हाक मारणार नाही. कधीच. काम असेल तर जवळ येईन, हात लावेन. मी दिसत नसेन आणि माझी हाक आली, तर जायचं नाही. काहीही झालं तरी नाही. कळलं?"

आणि तिने ते पाळलं. दुसऱ्या खोलीतून बोलवायचं तर टाळ्या वाजवायची. शाळेच्या फाटकात बाकीच्या आया आपापल्या पोरांच्या नावाने ओरडायच्या आणि माझी आई गर्दीतून धापा टाकत यायची, खांद्याला हात लावायची. मोठी झाल्यावर मी चिडायचे. "मी काय कावळा आहे, टाळ्या वाजवतेस ते?" म्हणायचे. ती हसायची. पण हाक नाही मारली.

चाळीस वर्षं. एकदाही नाही.

बाबा गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली. गेल्या वर्षी तिने अंथरूण धरलं. टाळ्या वाजवायची ताकद राहिली नव्हती, म्हणून मी उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा ठेवला. काही लागलं की ती चमचा वाजवायची.

तो शनिवार होता. दुपार. मुलगी क्लासला गेलेली. मी बाहेरच्या खोलीत मशीनवर ब्लाउजला टीप मारत होते. दोरा तुटला म्हणून मशीन थांबवलं.

"ठकू..."

आतून. आईचा आवाज.



"ठकू, ये."

मी खुर्चीला चिकटून बसले. चमच्याची वाट बघितली. चमचा वाजला तर जायचं, असं ठरवलं. पेल्याकडे कान लावून बसले होते. किडे गप्प झाले होते का, ते शहरात कसं कळणार?

आणखी एक हाक आली. बारीक.

मग काही नाही.

मी किती वेळ तशी बसले होते, मला माहीत नाही. पाऊण तास असेल. मुलीने बेल वाजवली तेव्हा भानावर आले. आम्ही दोघी मिळून आत गेलो.

आई गेली होती. पेला पलंगाखाली घरंगळलेला होता, मशीनच्या घरघरीत कधीतरी पडला असावा. चमचा भिंतीपाशी पडला होता, तिच्या हाताला लागला नसता इतका लांब.

डॉक्टर म्हणाले, मेंदूचा झटका. मी विचारलं, "अशा वेळी माणूस हाक मारू शकतं का?"

"बहुतेक वेळा वाचा जाते," ते म्हणाले.

"बहुतेक म्हणजे?"

"ताई, नक्की असं कुणीच सांगू शकणार नाही."

मुलीला मी काही सांगितलेलं नाही. दुपारी घरात मी आता रेडिओ मोठ्याने लावून ठेवते.

त्या गावात हाका मारणारं जे काही होतं, त्याची भीती मला आजही वाटते. दिवा लावून झोपते. पण रोज प्रार्थनेला बसले की मी प्रभूकडे एकच मागते...

त्या शनिवारी आतून हाक मारणारं तेच असू दे.