दुसरा खटका

सन दोन हजार सात, मे महिन्यातील दुसरा बुधवार. भंडारा जिल्ह्यातील, भंडारा शहरासमोर वैनगंगेच्या पैलतीरावर वसलेले कारधा हे गाव. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. या दिवशी, या स्थळी आणि नेमक्या या वेळी संजीवशेठ यांनी आपल्या मोटारीच्या डिकीचे झाकण पाचव्यांदा आपटले, आणि पाचव्यांदा ते सावकाश, जांभई दिल्यासारखे पुन्हा उघडले.

प्रत्येक आपटणे रुचिका मनात मोजत होती. ती तेरा वर्षांची होती, गॅरेज तिच्या वडिलांचे, हेमराजचे होते, आणि हे कुलूप त्याने आजवर चार वेळा दुरुस्त केले होते. काल तर ही डिकी पुलावर, चालत्या गाडीतच उघडली. लग्नघरी निघालेले कोशाच्या रेशमी साड्यांचे गाठोडे रस्त्यावर पडले आणि मागून येणाऱ्या ट्रकच्या चाकाखाली सापडले.

"तू मुद्दाम अर्धवट सोडून राहिला, हेमराज," संजीवशेठ म्हणाले. "गिऱ्हाईक आठ दिवसांनी परत आलं पाहिजे, एवढीच तुही अक्कल."

दुपारी एक वाजता हे प्रकरण आपण वडिलांपुढे मांडणार, असेही त्यांनी बजावले. त्यांचे वडील सेवकराम हे विणकरांच्या गल्लीतले सर्वांत वडीलधारे गृहस्थ. त्यांनी एखाद्याला अप्रामाणिक ठरवले, तर त्या गल्लीतली एकही गाडी त्याच्या दारी उभी राहत नसे, आणि हेमराजच्या दारी उभ्या राहणाऱ्या गाड्या बहुतेक त्याच गल्लीतल्या होत्या. संजीवशेठ यांनी झाकण सुतळीने बांधले आणि धूळ उडवीत ते निघून गेले.

हेमराजने दर वेळी कुलूप डिझेलने धुतले होते, ग्रीस भरले होते, चालवून पाहिले होते; याहून अधिक काय करायचे, हे त्यालाही उमगत नव्हते. रुचिका मात्र एका जागी ठरेना. ती दारापर्यंत जाई, परत येई, पाना उचली, खाली ठेवी.

"ताई, बस ना आता," तिचा दहा वर्षांचा भाऊ अमर म्हणाला. "तू अशीच फिरत राहिली तर तुहीबी डिकी उघडंल."

"तुहं तोंड बंद व्हाले कोणतं ग्रीस लागते, ते सांग पहिले."

तिने भंगारातून तसलेच एक जुने कुलूप उचलले. त्याच्या लोखंडी जबड्यात तिने कडीऐवजी पेचकसाचा दांडा दाबला. खट्. आणखी जोर लावताच पुन्हा खट्. पहिल्या खटक्याला झाकण मिटल्यासारखे दिसते एवढेच. दुसरा खटका बसला तरच ते खरोखर बंद होते. शेठजींच्या गाडीला दुसरा खटका बसत नव्हता. पण दुरुस्तीनंतर दोन दिवस तो व्यवस्थित बसे! म्हणजे जे बिघडे, ते गॅरेजातून बाहेर पडल्यानंतर बिघडे. मग ही गाडी जाते तरी कुठे?

या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल अशी एकच व्यक्ती होती, आणि ती तेवढ्यात सायकलवरून उतरली. रेणू रुचिकाच्या वर्गात होती, आणि संजीवशेठ तिचे सख्खे काका होते. घरी काय शिजते आहे ते सांगायला ती आली होती. पण रुचिकाचा प्रश्न ऐकताच तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे दोष आमच्या घरात शोधून राहिली का तू?"

"मी कुलूप शोधून राहिली. दोष कुठं भेटंल तिथं भेटंल."

रेणूने सायकल वळवली. गल्लीत सिमेंटचा रस्ता झाल्यापासून तिथे ताणे पसरायला जागा उरली नव्हती, म्हणून काका अलीकडे नदीकाठच्या मैदानावर डिकीतून ताणे आणतात, एवढे तिने सांगितले. तिघेही उन्हात सुसाट निघाले. अमर मागच्या कॅरिअरवर बसून सारखा, आणखी किती लांब, असे विचारत होता आणि दोघींपैकी कुणीही त्याला उत्तर देत नव्हते.

मैदानावर खुंट्यांच्या मधोमध साडीच्या उभ्या धाग्यांचा लांबच लांब ताणा ताठ पसरलेला होता. धाग्याला बळ यावे म्हणून तांदळाच्या पेजेची खळ कुंच्याने त्याला पाजली जात होती. ही खळ उन्हात पुरती वाळू द्यायची, मगच ताणा गुंडाळायचा, हे रेणूला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होते. संजीवशेठ यांना मात्र तेवढा धीर नव्हता. त्यांनी ओलाच ताणा गुंडाळून डिकीत टाकला. उरलेल्या खळीची बादली अगदी कडेला, जिथे गाडीच्या चौकटीत कुलपाचा जबडा बसवलेला होता त्याच्या वर, ठेवली आणि झाकण आदळले. बादली डचमळली. पांढरी धार थेट जबड्यात उतरली.

झुडपाआडून तिघांनीही ते पाहिले. अमरने शिट्टी वाजवण्यासाठी ओठ मुरडले. रुचिकाने त्याचे तोंड हाताने दाबले. रेणूला आता काही विचारू नये, असे रुचिकाला तिच्याकडे बघून वाटले.

एक वाजता सेवकरामांच्या अंगणात माग थांबले. शेजारपाजारचे विणकर ओट्यावर बसले. मधोमध गाडी उभी, आणि तिच्याजवळ मान खाली घातलेला हेमराज. संजीवशेठ यांनी आपले गाऱ्हाणे मांडले. ते लांब होते आणि त्यात कालच्या साड्यांचा रंग तीनदा आला. ते संपण्याची वाट पाहताना रुचिका पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती. अखेर ती पुढे झाली आणि आबाजी, मले कुलूप दाखवू द्या, एवढेच म्हणाली. सेवकरामांनी मान हलवली.

तिने जबड्याच्या सांदीतून नखाएवढी राखाडी खपली खरवडली आणि कागदावर ठेवली. गॅरेजात कापल्या-खरचटल्याला लावण्याचे टिंक्चर आयोडीन तिने सोबत आणले होते. त्याचा एक थेंब पडताच खपली निळीकाळी झाली. पिष्ट असले की आयोडीनने असा रंग येतो, हे सातवीच्या विज्ञानात सर्वांनीच पाठ केले होते. अंगणात ते पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडत होते.

"ही खळ आहे, आबाजी. खळ तेलात विरघळत नाही. म्हणून बाबांच्या डिझेल-ग्रीसनं कुलूप दोन दिवस चाले, पण खळ आतच राहे."

"भाताचं शित असंल कोणाच्या डब्यातलं," संजीवशेठ म्हणाले.

"डिकीत बसून जेवते कोण, शेठजी?" अमरने विचारले. ओट्यावर हशा पिकला. पण हशाने काही सिद्ध होत नाही, हे रुचिकाला कळत होते. खळ कुठून आली, हे सांगणारे कुणीतरी हवे होते. तिने रेणूकडे पाहिले नाही. मुद्दामच पाहिले नाही.

रेणू आपल्या आजीच्या, शकुंतलाबाईंच्या मागून उठली.

"काका, आज सकाळी ओला ताणा तुम्ही डिकीत टाकला. बादली कडेले ठेवली. खळ कुलपात सांडली. मी पाहिलं."

संजीवशेठ यांनी पुतणीकडे पाहिले, वडिलांकडे पाहिले, आणि मग कुणाकडेच पाहिले नाही.

शकुंतलाबाईंनी चुलीवरचे आधण आणून नातीच्या हाती दिले. कुलपात ऊन पाणी पडू लागले तसे खालून दुधाळ पाणी ओघळले आणि पेजेचा वास अंगणभर पसरला. हेमराजने जबडा पुसून कोरडा केला, तेलाचा थेंब सोडला आणि झाकण स्वतः न लावता शेठजींच्या हाती दिले. संजीवशेठ यांनी ते हलकेच लोटले.

खट्. खट्.

त्यांनी ते ओढून पाहिले, दोन्ही हातांनी ओढून पाहिले. झाकण तसूभरही हलले नाही. पाण्याचा विचार आपल्याला सुचायला हवा होता, असे हेमराज पुटपुटला. सेवकरामांनी हातानेच त्याला थांबवले. त्यांनी दोन्ही मुलींना जवळ बोलावले. रुचिकाचे डोके चांगले चालते, असे ते म्हणाले, आणि रेणूच्या डोक्यावर नुसता हात ठेवला. तो हात त्यांनी बराच वेळ उचलला नाही. मग ते मुलाकडे वळले.

"हेमराजचं काम चोख होतं. कुलूप आपण बिघडवलं, संजीव. माफी तुलेच मागा लागते."