पळसाचा देह

धार संस्थानात कुणाचं काही हरवलं की लोक आधी मानाजीकडे येत आणि मग देवाकडे जात. मानाजी दरबारच्या पागेत जमादार होता. बसऱ्याच्या लढाईवरून परतल्यापासून ही विद्या त्याच्या अंगात कुठून आली, कोण जाणे. पण कुणाची पैंजणं, कुणाची गाभण शेळी, एकदा तर एका देवळातली समई त्यानं शोधून दिली होती. "मंत्रबिंत्र काही नाही," तो म्हणे. "वस्तू जाते ती खूण ठेवून जाते. बघायला डोळे लागतात." लोक हिरमुसत. मंत्र असता तर त्यांना जास्त आवडलं असतं. मानाजीला मात्र दुसऱ्याचं हरवलेलं शोधताना बरं वाटे, कारण तेवढा वेळ त्याला स्वतःची लाज वाटत नसे.

एकोणीसशे एकवीसच्या माघात देवासहून उदाजीरावांचा माणूस आला. हंबीररावाचा विधी करतो आहोत, तुमच्यावाचून होणार नाही, असा निरोप होता.

हंबीरराव हा उदाजीरावांचा धाकटा भाऊ आणि पलटणीत मानाजीचा जोडीदार. बगदादच्या अलीकडून फौज मागं हटली त्या दिवशी तो मागं राहिला तो राहिलाच. देह मिळाला नाही. पुढं तुर्कांच्या कैदेतले लोक सुटून आले, त्यांच्यातही तो नव्हता. अशा माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग पळसाच्या पानांचा देह करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत आहे. पण मरण डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार असेल तर थांबायला नको, असं भगवंतशास्त्र्यांनी पोथी उघडून सांगितलं होतं. साक्षीदार मानाजी. लढाईवरून आल्या आल्या त्यानंच देवासला जाऊन सांगितलं होतं, की छातीत गोळी लागली, माझ्या मांडीवर गेला, शेवटचं पाणी मी पाजलं.

इंदूरहून टांग्यानं येताना दोन्ही बाजूंना अफूची शेतं पांढरी फुलली होती. मानाजीनं त्यांच्याकडे फारसं पाहिलं नाही.

देवास हे गाव एक आणि राजे दोन. उदाजीरावांचं घर थोरल्या राजाच्या हद्दीत, म्हणजे थोरल्या पातीत, समोरच्या वाण्याचं धाकट्या पातीत. या ओट्यावर शिवी दिली तर त्या ओट्यावर तो गुन्हा नव्हे, असं गावात थट्टेनं म्हणत. उदाजीराव दारातच उभे होते. माणूस वाईट नव्हता, पण लेकीचं लग्न ठरवायला निघालेल्या बापाला दुसरं काही दिसत नाही.

"मानाजीराव, तुम्हीच सांगा," ते म्हणाले, "घरात एकाचं मरण असं अधांतरी लटकलेलं. व्याही विचारतात, तुमची भावजय कुंकू लावते ते कुणाच्या नावाचं? काय जवाब देऊ मी?"

भावजय म्हणजे राजाबाई, हंबीररावाची बायको. हा विधी झाला की तिचं कुंकू जाणार होतं. तिनं नाही म्हटलं नव्हतं. हो पण म्हटलं नव्हतं.

सतवासच्या रानातून गाडीभर पानं आणून शास्त्र्यांनी आदल्याच दिवशी देह बांधून ठेवला होता. डोक्याच्या जागी नारळ, हातापायांना पळसाची पानं नि देठ, सगळं लोकरीच्या धाग्यानं आवळून वरून जवाच्या पिठाचा लेप. बाहेरच्या पडवीत सारवलेल्या जमिनीवर, दक्षिणेकडे डोकं करून तो ठेवला होता. अंगावर पांढरं धोतर. मानाजीनं ते जरा बाजूला केलं आणि पुन्हा घातलं. पानांचाच तो, पण उंचीला अगदी हंबीर होता.

सकाळी पाहिलं तर त्याचा डावा पाय नव्हता.

गुडघ्यापासून खालची पानं गेली होती. विस्कटली नव्हती, कुरतडली नव्हती, आसपास एक देठही पडला नव्हता. शास्त्री संतापले. उदाजीरावांनी आधी रस्त्याकडचं दार लावून घेतलं. समोरच्या पातीत ही बातमी गेली असती तर सगळा रस्ता हसला असता.

"मानाजीराव, हे तुमचंच काम," ते म्हणाले. "जरा बघा तर."

मानाजी उकिडवा बसला. आपल्या कामाची गोष्ट समोर आली म्हणून त्याला खरं तर हायसंच वाटलं. आधी त्याला शेळीचा संशय आला. पण कालच्या सारवणावर खुराचा ठसा नव्हता. उंदरांच्या लेंड्या नव्हत्या. शास्त्र्यांची पावलं तेवढी होती, सुकून गेलेली. त्यानं गणपत गड्याला विचारलं.

"मने कंई नी देख्यो, भिया," गणपत म्हणाला. "रातभर अठेज सुतो थो, दरवाजाकने."

दाराशीच झोपलेल्या गड्यानंही काही पाहिलं नव्हतं. शास्त्र्यांनी नवी पानं घेऊन पाय पुन्हा बांधला आणि मुहूर्त दुपारवर ढकलला. मानाजी पडवीतच खांबाला पाठ टेकून बसला. डुलकी त्याला लागली नाही, हे तो पुढंही शपथेवर सांगत असे. ऊन अंगणात उतरलं. घरातून भाजणीचा वास आला. समोर वाणी कुणाशी तरी मालाच्या दरावरून हुज्जत घालत होता. मानाजी देहाकडे बघत होता, आणि बघता बघता त्याच्या ध्यानात आलं की धोतर डाव्या बाजूला खाली बसलं आहे.

कधी बसलं ते त्याला कळलं नाही.

त्यानं धोतर उचललं. पाय गेला होता. पण या खेपेला आणखी काही होतं. गुडघ्याच्या वर लोकरीचा धागा घट्ट गुंडाळलेला होता, त्यात पळसाचा एक देठ आडवा खुपसून त्याला पीळ दिलेला होता. रक्त थांबवायला देतात तसा.

मानाजीनं तो ओळखला. हा पीळ त्याचा स्वतःचा होता.

छातीत गोळी लागली हे खोटं होतं. तोफेच्या गोळ्यानं हंबीरचा डावा पाय गुडघ्याखाली नेला होता. मानाजीनं आपल्या पोटरीची पट्टी सोडून गुडघ्याच्या वर आवळली, काडी घालून पीळ दिला आणि त्याला खांद्यावर घेतलं. हंबीर जड होता, आणि मागं घोडेस्वार दिसत होते. थोडं चालून एका कोरड्या पाटात त्यानं त्याला उतरवलं. "डोली घेऊन येतो," तो म्हणाला. "ये," हंबीर म्हणाला. "मी आहे इथंच." पुढं जखमींना उचलणारे डोलीवाले भेटलेही. मानाजी त्यांना काही बोलला नाही. बोलला असता तर वाट दाखवायला परत जावं लागलं असतं. रात्री मुक्कामावर पोचल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की दोघांतली एकच पाण्याची पिशवी आपल्याच खांद्याला राहिली.

हे त्याच्याखेरीज एकालाच ठाऊक होतं.

मानाजी शोध लावणारा माणूस होता. त्यानं भीती बाजूला सारली आणि नेहमीसारखा विचार केला. ज्याला पीळ ठाऊक आहे त्यानंच तो दिला, किंवा त्यानं ज्याला सांगितलं त्यानं. म्हणजे हंबीर जगला असेल. त्याचा निरोप घरात आला असेल. घरात कुणाकडे येणार?

तो माजघराच्या पडद्याशी गेला.

"वहिनी, पडवीत कुणी आलं होतं का?"

"मला काय विचारता, भावजी?" आतून राजाबाईचा आवाज आला. "आज मला उंबऱ्याबाहेर यायची बंदी आहे."

"हंबीररावांचं काही... कुणी माणूस वगैरे आला होता का? काही सांगावा?"



"मेलेल्या माणसाचा सांगावा कसा येईल? तुम्ही पाहिलंत ना त्यांना जाताना?"

"पाहिलं."

"तुमच्या मांडीवर गेले?"

"हो."

पडदा बाजूला झाला. राजाबाई समोर उभी होती. कपाळावर ठसठशीत कुंकू होतं.

"मग एकदा माझ्याकडे बघून सांगा. लोकांनी मला वेडी म्हटलं, मी ऐकून घेतलं. कैदेतले लोक आले तेव्हा मी रोज त्या रस्त्याकडे बघत बसायची. तुम्ही सांगा, मी माझ्या हातानं पुसते. पण वर बघून सांगा."

एवढं एक वाक्य होतं. मी त्याला जिवंत सोडून आलो. ते बोललं की विधी थांबत होता आणि तिचं कुंकू राहत होतं. पण ते वाक्य मग देवासात राहिलं नसतं, मानाजीच्या आधी धारेला पोचलं असतं, पागेतल्या पोराटोरांच्या तोंडी झालं असतं. माणसाला मरणाची भीती वाटते म्हणतात. मानाजीला त्या घटकेला लाजेची त्याहून अधिक वाटली.

"हो, वहिनी," तो उंबऱ्याकडे बघत म्हणाला. "गेले ते."

बाहेर उदाजीराव वाट बघत होते. "काही लागला का पत्ता?"

पत्ता लागल्याशिवाय ते थांबणार नव्हते. आणखी कुणाला बोलावणार, पीळ बघणार, विचारत बसणार. मानाजीनं देठ उपसून मुठीत चुरगाळला होता.

"बाहेरचं कुणी नाही," तो म्हणाला. "वहिनींचंच काम आहे. विधी होऊ नये असं वाटणारं घरात दुसरं कोण आहे?"

उदाजीरावांना हे लगेच पटलं. पटायला सोपंच होतं ते. घरातल्या बायका, शास्त्री, गणपत सगळे माजघराकडे बघू लागले. कुणीतरी 'काय ही अवदसा' असं म्हणालं.

"भावजी म्हणतात तर मीच असेन," पडद्याआडून राजाबाई म्हणाली.

तिला आतल्या खोलीत नेऊन बसवलं. शास्त्र्यांनी तिसऱ्यांदा पाय बांधला आणि हात काढता क्षणी तिरडी उचलायला लावली. मानाजीनं डाव्या पायाकडचा खांदा दिला.

पानांचं ओझं ते किती असणार? पण गावालगतच्या टेकडीला वळसा घालेपर्यंत चौघांना दोनदा खांदा बदलावा लागला.

"भिया, यो तो घणो भारी हे!" गणपत धापा टाकत म्हणाला.

"चल, चल. बोलू नको," उदाजीराव म्हणाले.

मसणवटा टेकडीच्या पलीकडे नाल्याकाठी होता. उदाजीरावांनी अग्नी दिला. पळसाची पानं भराभर पेटतात, एक चिलीम ओढून होईतो सगळं आटोपतं. हा देह आटोपेना. शास्त्र्यांनी तूप घातलं, मग आणखी लाकडं मागवली. पानं ओली असतील, असं उदाजीराव म्हणाले.

जो वास सुटला तो मानाजीच्या ओळखीचा होता. बगदादच्या वाटेवर तो पुष्कळ दिवस नाकात होता.

लाकडं तडतडत होती. बाकी सगळं शांत होतं.

दिवस मावळता चिता खाली बसली.

तिसऱ्या दिवशी सावडायला गेले. पानांच्या देहाचं सावडणं म्हणजे नुसती रीत. चिमूटभर राख गाडग्यात घालायची आणि निघायचं. सावडायला पायांकडून सुरुवात करतात. शास्त्र्यांनी राखेत बोटं घातली आणि ते थांबले.

त्यांनी एक टाच बाहेर काढली. मग नडगी.

"जुनं कुणाचं असेल," उदाजीराव घाईनं म्हणाले. "मसणवटाच तो."

"जागा मी सारवून घेतली होती," शास्त्री म्हणाले.

ते एकेक हाड उचलून फडक्यावर मांडत गेले. कंबर आली, मणके आले. छातीच्या फासळ्या आल्या. त्यातली एकही मोडलेली नव्हती.

"डावीकडे गुडघ्याखाली काही नाही," शास्त्री म्हणाले आणि त्यांनी मानाजीकडे पाहिलं.

उदाजीरावांनीही पाहिलं.

मानाजी उठला आणि चालू लागला. टेकडीला वळसा घालून, भर उन्हातून, डोक्याला काही न बांधता तो घरी आला. माजघराचा पडदा कुणीतरी काढून टाकला होता. राजाबाई भिंतीशी बसली होती. कपाळ मोकळं, हात मोकळे.

तो उंबऱ्याबाहेर खाली बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. पाय, पीळ, पाट, डोलीवाले, पाणी. आपण तिच्यावर आळ घेतला तेही सांगितलं. सांगताना या वेळी तो तिच्याकडे बघत होता. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"परवा सांगायचं होतंत," ती म्हणाली.

"चुकलो, वहिनी. लाज वाटली."

"परवा तुम्ही तिकडे होतात तेव्हा या बायका माझ्या बांगड्या फोडत होत्या. टेकडीपलीकडून हाक आली. त्यांना ऐकू आली नाही, मला आली." ती आपल्या मनगटाकडे बघत हळू बोलत होती. "ह्यांनी माझं नाव लग्नात घेतलं होतं, त्यानंतर परवाच घेतलं. एकदाच. मग दिवस मावळेपर्यंत नुसतं मान्या, मान्या, मान्या."

तिनं मान वर केली.

"मान्या म्हणजे तुम्हीच ना, भावजी?"