पालनांक एकोणीस

निकालाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता न्यायाधीशांच्या दालनातल्या पडद्यावर एक आकडा उमटे. त्याला पालनांक म्हणत. आदेश दिला तर सरकार तो पाळण्याची शक्यता शंभरात किती, हे तो आकडा सांगे. तो आल्याशिवाय निकालपत्रावर सही होत नसे. कायद्यात तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं, पण नऊ वर्षांत रीतच पडून गेली होती.

रीत पडायला कारण होतं. अमेरिकेची राज्यघटना तीन खांबांवर उभी आहे. तिजोरी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या हाती, फौज अध्यक्षांच्या हाती. तिसऱ्या खांबाकडे, म्हणजे न्यायालयाकडे, फक्त सही केलेला कागद. तो कागद बजावणारे मार्शलसुद्धा अध्यक्षांच्याच खात्याचे नोकर. सरकारने एकदा जरी "नाही पाळत" म्हटलं, तरी लोकांना कळणार की कागद हा कागदच आहे. ती वेळ येऊ नये म्हणून दोनशे वर्षांचे आदेश आणि त्यांचं पुढे काय झालं, हे सगळं एका यंत्राला शिकवण्यात आलं होतं.

त्यामुळे प्रत्येक खटल्याचे दोन मसुदे होत. एक जड, कायदा सांगतो तसा. दुसरा हलका, प्रकरण अलगद बाजूला सारणारा. पालनांक साठच्या खाली आला की हलक्यावर सही होई आणि जड मसुद्याचे तुकडे होत.

न्यायमूर्ती मृणालिनी हळबे यांनी मार्चमधल्या एका जड मसुद्याचे तुकडे केले नव्हते. तो त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात पडून होता. हाताने तो खण त्या कधी उघडत नसत, पण पायाला तो रोज लागे.

खटला ऑटिस फेअरली या पियानोचे सूर लावून देणाऱ्या माणसाचा होता. बुरशीच्या साथीत त्याच्यासह दोनशे सात जणांना उत्तरेकडच्या जुन्या छावणीत ठेवलं होतं, आणि त्याचा अर्ज सगळ्यांच्या वतीने होता. काँग्रेसचा कायदा सांगत होता, चाळीस दिवसांहून अधिक नाही. अध्यक्षांचा हुकूम होता, पुढील सूचनेपर्यंत. फेअरली कठड्यात उभा राहून म्हणाला होता, "जजबाई, मला दोनदा तपासलं. बुरशी नाही. गुडघा दुखतो तेवढाच. घरी जाऊ?"

पालनांक आला एकोणीस. मृणालिनीबाईंनी हलक्या मसुद्यावर सही केली. 'या टप्प्यावर हस्तक्षेपाचे कारण दिसत नाही.' अकराव्या आठवड्यात फेअरली छावणीत न्यूमोनियाने गेला.

आता नोव्हेंबर होता. उरलेल्या दोनशे सहा जणांचा अर्ज मंगळवारी निकालाला होता. त्याआधीच्या रविवारी दुपारी डॉ. यशवंत ओगले त्यांच्या घरी आले. पालनांकाचं गणित बसवणाऱ्या चमूत ते होते, आणि बाईंच्या दिवंगत यजमानांचे कॉलेजपासूनचे मित्र.

"चहा आधी की शिव्या आधी, वहिनी?"

"चहा घ्या. शिव्या कशाबद्दल ते तरी कळू दे."

ओगल्यांनी कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. "यंत्र चुकतंय. म्हणजे, ते चुकलं तरी आम्हाला कळूच शकत नव्हतं."

"मी कायदा शिकलेय, भावजी. सोपं करून सांगा."

"एखाद्याला पोहता येणार नाही असं तुम्ही ठरवलंत. म्हणून त्याला पाण्यात उतरूच दिलं नाहीत. नऊ वर्षांनी वही उघडली. तो पोहला, अशी एकही नोंद नाही. मग तुम्ही म्हणता, बघा, माझं बरोबर होतं."

"म्हणजे कमी पालनांकाचा आदेश..."

"कोणी दिलाच नाही. देशभरात एकही नाही. मग सरकारने तो पाळला असता की नाही, हे यंत्राला कळणार कुठून? आणि त्याच्या पुढचं ऐका." त्यांनी कप खाली ठेवला. "हलका मसुदा निघाला की यंत्र नोंद करतं, न्यायालय मागे सरलं. पुढचा आकडा आणखी उतरतो. मंगळवारी तुम्हाला अकराच्या आसपास दिसेल. एकोणीसचे अकरा कोणी केले, वहिनी?"

बाईंनी त्यांचा न प्यायलेला कप उचलून बाजूला ठेवला.

"तुम्ही एकट्याने नाही," ओगले घाईने म्हणाले. "माझाही हात आहे त्यात."

"तुमचा हात गणितात आहे. सही माझी आहे." मग त्यांनी विचारलं, "मार्चमध्ये खरा आकडा किती होता?"

"माहीत नाही. कोणालाच नाही. नव्वद असेल, शून्य असेल. तेच तर सांगायला आलो."

मंगळवारी नऊ वाजता पडद्यावर अकरा आलं. साहाय्यक हलका मसुदा घेऊन उभी होती. बाईंनी खण उघडला, मार्चचा मसुदा काढला, तारीख बदलली, दोनशे सातचे दोनशे सहा केले आणि सही केली. दहा वाजून दहा मिनिटांनी कागद मार्शल डेल वॉटकिन्सच्या हातात होता. छावणी साठ मैलांवर होती.

दिवसभर बाई दालनातच बसून राहिल्या. बातम्या लावल्या नाहीत, फोन घेतला नाही. आदेश धुडकावला तर न्यायालयाचं काय उरेल, याची भीती होतीच. पण दुपारी दोनच्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की त्या एका गोष्टीची वाट पाहत आहेत. फाटकावर कुणीतरी वॉटकिन्सला अडवावं. म्हणजे मार्चमध्येही अडवलंच असतं, असं म्हणता येईल. दोनशे सहा माणसं आत राहावीत, असं एका न्यायाधीशाला वाटत होतं. त्यांनी उठून तोंडावर पाणी मारलं. वाटणं काही गेलं नाही.

वॉटकिन्स पाचला दहा कमी असताना परतला. बूट चिखलाने भरले होते आणि चेहरा खुशीत होता.

"झालं, जज. शेवटची बस चारला निघाली."

"कोणी अडवलं नाही?"

"अडवायचं कशाला? छावणीचा अधिकारी म्हणाला, इतका उशीर का केलात? त्याच्याकडे सगळं तयार होतं. कोण कुठल्या बसमध्ये, कोणाला औषध लागतं, सगळं. वॉशिंग्टनहून त्याला कळवलं होतं म्हणे, न्यायालय सोडा म्हणालं तर त्याच दिवशी सोडा."

"कधी कळवलं होतं?"

"मार्चमध्ये, तुमच्या निकालाच्या आदल्या दिवशी." त्याने घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला. "पोचपावती म्हणून ही यादी आणलीय. जुनीच आहे, पण नावं तीच. एक तेवढं कापायचं राहिलंय बघा."

बाईंनी चष्मा लावला. यादी हाताने लिहिलेली होती, अक्षर नेटकं होतं.

'४१. फेअरली, ऑटिस. बस दोन. पुढची जागा द्यावी, गुडघा दुखतो.'