पेला खाली ठेवला तेव्हा

घळीच्या तोंडाशी बस थांबली. बहुतेक सगळे उतरले, तरी हदील पायरीवर बसून बुटाची नाडीच बांधत होती. मागून कुणीतरी अडखळत म्हणालं, "जरा... वाट देता का?"

आवाज ऐकलेला वाटला म्हणून तिने मान वर केली, आणि नाडी हातातच राहिली.

तोच! तेच किंचित वाकलेले खांदे, तोच तिरका बसलेला चष्मा. गेल्या हिवाळ्यात मादबा शहराच्या भाजीबाजारात तिचे बाबा छातीला हात लावून कोसळले, तेव्हा याच माणसाने त्यांना उचलून आपल्या गाडीत घातलं होतं. संध्याकाळपर्यंत तो दवाखान्यातल्या बाकावर बसून राहिला. थंडीने कुडकुडणाऱ्या हदीलच्या अंगावर त्याने आपला कोट टाकला. बाबांनी डोळे उघडल्याचं सांगायला ती धावत बाहेर आली, तर बाक रिकामं. नाव नाही, पत्ता नाही. तेव्हापासून बाबा रोज जेवण झालं की त्या अनोळखी पोराला दुआ देत. हदीलही देई, पण तिचं मन दुआपाशी थांबत नसे.

"तुम्ही!" ती म्हणाली.

तो कानापर्यंत लाल झाला. "मी... नाही, म्हणजे... हो. बाबा कसे आहेत?"

"ठणठणीत. आणि तुम्ही कुठे गायब झालात?"

"कामं होती."

"इतके महिने?"

या वेळी याला निसटू द्यायचं नाही, हदीलने मनाशी ठरवलं आणि नाडीला दुहेरी गाठ मारली.

वाट दोन तांबड्या कड्यांमधून उतरत होती. पुढे उम्म फराज चालत होती. दर शुक्रवारी अशी टोळी गोळा करून वाळवंटात नेणारी ही पन्नाशीची विधवा. पाठीवर पिशवी, पिशवीत कॉफीची किटली, आणि तोंडाला क्षणाची उसंत नाही. सगळ्यांची नावं तीच एकमेकांना सांगत होती, त्यामुळे त्याचं नाव कुतैबा असल्याचं हदीलला न विचारताच कळलं.

"काम काय करता?" तिने विचारलं.

"जुन्या चर्चमधल्या फरशांवरची चित्रं दुरुस्त करतो. रंगीत दगडांच्या चिपा असतात, त्या जोडायच्या."

"म्हणजे दिवसभर मान खाली. तरीच!"

"तरीच काय?"

"तरीच समोरचं माणूस दिसत नाही."

तो हसला आणि त्या नादात काटेरी झुडपात शिरला. गुडघा चांगलाच खरचटला. "काही नाही, काही नाही," असं तो इतक्यांदा म्हणाला, की हदीलला हसूही आलं आणि मायाही.

दुपार कलली तेव्हा कडे अचानक बाजूला सरले आणि खाली समुद्र दिसला — निळा, जड, न हलणारा. काठावर मिठाचे पांढरे थर. हदील पोहण्याचे अंगभर कपडे घालून पाण्यात शिरली आणि पाठ टेकते न टेकते तोच तिचे पाय आपोआप वर आले. मागून किंकाळी आली, "आई गं!"

"गुडघा?" तिने न वळता विचारलं.

"गुडघा," तो कण्हत म्हणाला.

"या पाण्यात माणूस बुडत नाही, पण खरचटलेलं लपतही नाही!"

"डोळ्यांत थेंब जाऊ देऊ नका रे!" काठावर पायाला चिखल फासत बसलेली उम्म फराज ओरडली.

मग दोघं हाताच्या अंतरावर उताणी तरंगत राहिली. वर नुसतं आकाश. एकमेकांचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच बहुधा त्याला बोलता आलं.

"दवाखान्यातून पत्ता घेऊन मी तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. दोनदा."

"मग?"

"परत फिरलो. बाबांची तब्येत विचारायला आलो, असं म्हणता आलं असतं. पण... तेवढ्यासाठीच यायचं नव्हतं मला."

"मग कशासाठी?"

"दवाखान्यात तुम्ही मला अर्धी भाकरी दिली होतीत, आठवतं? स्वतः रडत होतात, आणि मी जेवलो का म्हणून विचारत होतात. तेव्हापासून... पण मी काही मागितलं, तर तुमचे बाबा नाही म्हणू शकणार नाहीत. तुम्हीही उपकारापोटी हो म्हणाल. तसलं हो नको मला. आज इथून निघालो की मी माझ्या वाटेने जाईन. राग मानू नका."

तिला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे वेड्या, उपकारापोटी कुणी कुणाची इतकी वाट बघतं का? पण हे शब्दांनी सांगून त्याला पटणार नव्हतं. तो आपल्याच चांगुलपणात अडकला होता.

गोड्या पाण्याने अंग धुऊन सगळे वाळूवर बसले. उम्म फराजने किटलीतून वेलदोड्याची कडू कॉफी बिनकानाच्या छोट्या पेल्यांत ओतली आणि एकेकाच्या हाती दिली. हदीलने पेला घेतला. ओठाला लावला नाही. कुतैबासमोर वाळूत ठेवला.

"कडू झाली का?" त्याने भाबडेपणाने विचारलं.

उम्म फराजने कपाळावर हात मारला. "अरे गाढवा! तुझ्या घरी कधी मागणी घालायला कुणी आलं नाही?"

आता सगळ्यांच्या नजरा पेल्याकडे वळल्या. त्या मुलखात मागणी घालायला गेलेले वडीलधारे पुढ्यातला पेला तसाच खाली ठेवतात. यजमान 'कॉफी घ्या' म्हणाला की मागणी मान्य. तोवर कुणी घोट घेत नाही. पण हे पुरुषांनी करायचं, तेही मुलीच्या घरी जाऊन. एका मुलीने वाळूत बसून पेला ठेवल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"अगं, तुझ्याबरोबर मोठं माणूस कोण?" उम्म फराजने विचारलं.

"तुम्ही व्हा, मावशी."

उम्म फराजने डोक्यावरचा रुमाल सारखा केला, घसा खाकरला. "पोरा, आम्ही तुझ्या दारी आलो आहोत. दार नाही, पण ते असू दे. बोल गं, मागणी काय?"

हदीलने त्याच्याकडे पाहिलं. "आधी आभार. बाबा आज आहेत ते तुमच्यामुळे. जन्मभर पुरतील एवढे आभार आज, इथे घ्या, आणि तो विषय संपवा. आता दुसरं. उपकार करणाऱ्याला मागता येत नाही ना? मग मागणारी मी. पुढच्या शुक्रवारी घरच्या वडीलधाऱ्यांना घेऊन मागणी घालायला आमच्या घरी या. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल... नाही, चालणार नाही. पण म्हणू शकता."

त्याने चष्मा काढला, ओल्या सदऱ्याला पुसला, आणखीच धूसर करून पुन्हा लावला.

मग त्याने वाळूतला पेला दोन्ही हातांनी उचलला, आणि तिच्यापुढे धरला.

"कॉफी पी, हदील."

उम्म फराजने लग्नघरात करतात तसा जिभेने असा लांबलचक लकेरीचा घोष केला, की पलीकडची अनोळखी माणसंही टाळ्या वाजवू लागली.

कॉफी केव्हाच निवली होती. हदील ती मनोमन आभार मानत शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.