दोराला हात लावून बसलेला

खोटं वाटलं तर वाटू दे. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलेलं आहे आणि अक्षरन् अक्षर खरं आहे.

भर दुपार होती. पण जमिनीखाली दुपार काय नि मध्यरात्र काय!

मामा आणि त्याचा धाकटा भाऊ बारक्या, दोघंही फिटर. शहराखालच्या जुन्या पाण्याच्या बोगद्यात गळती शोधायला उतरले होते. दोघांच्या कमरेला एकच दोर. एक हिसका म्हणजे ठीक. दोन म्हणजे ओढ. बोगद्यात आवाज घुमतो, फसवतो. म्हणून कानावर नाही, दोरावर भरवसा ठेवायचा, हा त्यांच्या कामाचा नियम.

"दादा, हे कोळी बघ. सगळे आंधळे! आणि जाळं एकाचंही नाही."

"इथे माश्या उडतात का, जाळं विणायला? जमिनीवर एक धागा ताणतात, त्यावर पाय ठेवून बसतात. धागा हलला की झडप."

"म्हणजे तुझ्यासारखेच. आयतं बसून खाणारे!"

हसत हसत बारक्या वळणाआड गेला.

एक हिसका... ठीक.

मग बराच वेळ काहीच नाही. पाणी ठिबकायचंही थांबलं...

दोन हिसके.

मामाने दोर ओढला. जड लागला.

"दादा, ओढू नकोस!" बारक्या आतून किंचाळला.

पुन्हा दोन हिसके. जोरात.

पण नियम तो नियम. त्याने पाय रोवले आणि होता नव्हता तेवढा जोर लावला.

आत काहीतरी कडकन मोडलं. बारक्याने गुरासारखा हंबरडा फोडला. मग हंबरडाही थांबला.

मामा वळणापाशी धावला...

बारक्याचे दोन्ही हात भिंतीतल्या लोखंडी गजांत अडकवलेले होते. ओढण्याने खांद्यातून उखडले होते. त्या हातांनी दोर हलवणं शक्यच नव्हतं.

वर, भिंतीला चिकटून एक माणूस होता. अंगात फिटरचे जुने कपडे. डोळ्यांच्या जागी नुसती पांढरी कातडी. तळहात दोरावर ठेवलेला...

या बोगद्यात पूर्वी एक फिटर हरवला होता. त्याचं प्रेत कधी सापडलंच नाही.

मामाने पान्याने त्याचं तोंड ठेचलं. हाड फुटेपर्यंत हाणलं. तो हूं की चूं न करता वाकला, मामाची दोन बोटं कडाकडा चावून तोडली आणि अंधारात सरकला.

मामाने भावाला गजांतून सोडवून मांडीवर घेतलं. बारक्या गेला होता.

पण त्याच्या कमरेपलीकडे दोराचं उरलेलं टोक अंधारात ताणलेलं होतं.

आणि तिकडून आवाज आला... बारक्याचाच.

"दादा... आता ओढ ना रे."

मामाने दोर कापला. भावाला खांद्यावर टाकून तो रडत, ठेचकाळत वर आला.

बारक्याचं प्रेत आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मामा मात्र अजूनही जेवता जेवता थांबतो आणि मला विचारतो, "मी वर आणलं ते नुसतं शरीरच होतं का रे? तो खालीच राहिला का?"